लांबचा पल्ला आणि वाटेवरचा मिस्त्री

प्रवासाचा इतिहास आजवर प्रवाशांनी लिहिला. कोण कुठून निघाला, किती मैल गेला, कोणता घाट चढला, कोणत्या तीर्थाचे दर्शन घेऊन परतला, हे सारे त्यात सापडते. वाटेत गाडीचे चाक मोडले तेव्हा ते कोणी बसवून दिले, त्याचे नाव मात्र त्या पोथीत सहसा नसते. आम्ही उमेदीची सारी वर्षे कामगारांच्या संघटनेत घालवली. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या खात्यात, संघटनेच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे कोणतीही पराक्रमाची गोष्ट कानावर आली की तिच्यामागे हात कोणाचे लागले, हा प्रश्न आमच्या मनात आधी उभा राहतो. आज तोच प्रश्न एका नव्या विषयाला विचारायचा आहे. मोटारसायकलीवरून होणारा लांबचा प्रवास आणि त्या प्रवासात गाडीची होणारी दुरुस्ती व सर्व्हिसिंग, हा तो विषय.

इतका लहान विषय व्याख्यानमालेत कशाला, असे कोणी म्हणेल. त्यांनी मे-जून महिन्यांत जांबे गावच्या परिसरात सकाळी लवकर उठून रस्त्याकडे पाहावे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे ही मुळशी तालुक्यातील गावे काल-परवापर्यंत भाताची आणि भाजीपाल्याची होती. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या, भोवती उंच इमारती उठल्या आणि देशभरातले हजारो तरुण येथे राहावयास आले. मुंबई-बंगळूर महामार्ग जवळून जातो. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या आवळलेल्या, मागे तंबूची वळकटी बांधलेल्या उंच मोटारसायकली त्या महामार्गाला लागतात आणि उत्तरेकडे तोंड करतात. विचारले तर उत्तर येते, "लडाखला." त्यांतल्या कित्येक गाड्या आपल्याच जिल्ह्यात, चाकणला जन्मलेल्या असतात. ज्या भूमीत गाडी तयार होते आणि जेथून स्वार निघतो, त्या भूमीने या प्रवासाचा इतिहास समजून घेणे वावगे नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. वाहन किती लांब जाईल हे त्याच्या ताकदीवर अवलंबून असते खरे. परंतु दुरुस्ती जाणणारा माणूस वाटेवर किती किती अंतरावर भेटतो, यावर ते अधिक अवलंबून असते. ही दुरुस्तीची विद्या आजवर वाटेवरच्या सामान्य कारागिराच्या हाती होती. गेल्या काही वर्षांत ती त्याच्या हातून निसटत आहे. ती का निसटत आहे आणि निसटल्याने कोणाचे काय जाते, हे पाहण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

मुंबईहून पुण्याला येणारा बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्या काळी बैलगाडीच्या कण्याखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे. आस कुरकुरू लागला की गाडीवान उतरून आपल्या हाताने वंगण घाली. आजच्या भाषेत बोलायचे तर हे त्याचे रोजचे सर्व्हिसिंग. मोठे काम निघाले, आरे ढिले झाले किंवा लोखंडी धाव सुटली, तर मात्र पुढचे गाव गाठावे लागे. तेथे सुतार आरे ठोकी आणि लोहार धाव तापवून चाकावर चढवी. वर पाणी ओतले की ती आवळून बसे. टांग्यांच्या काळात घोडे बदलण्याचे टप्पे ठरलेले असत. टप्प्याची लांबी जनावराच्या दमावर ठरे. अर्थात रस्ता नुसता खडी-मुरमाचा कधीच नव्हता. भाता फुंकणाऱ्या आणि वाकस चालवणाऱ्या माणसांची एक साखळी त्याच्या काठाने उभी होती आणि रस्ता तिच्या जिवावर चालत होता.

नंतर सायकल आली. पुष्कळांना ठाऊक नसेल, पण महाराष्ट्रातील एका थोर उद्योगाचा उगम सायकलीच्या दुकानात आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. पुढे नांगर आले, चरक आले, १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. यंत्राची ओळख अशी उघड्या यंत्राच्या सहवासात होते. सायकलीत झाकलेले असे काही नसते. साखळी दिसते, दाते दिसतात; छर्रे काढून तळहातावर घेता येतात. पाहणाऱ्याला डोळे आणि करणाऱ्याला हात असले म्हणजे झाले.

या उघडेपणाच्या बळावर माणसे किती लांब जाऊ शकली याचा एक दाखला मुंबईचा आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवरून जगाच्या प्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे ती पुरी करून मार्च १९२८ मध्ये परत आले. सुमारे ७१,००० किलोमीटर त्यांनी कापले. इराणचे डोंगर आणि बगदादहून अलेप्पोकडे जाणारे वाळवंट त्यांनी पार केले. अशा मुलखात कोणत्या कारखान्याचा अधिकृत प्रतिनिधी त्यांची वाट पाहत बसलेला असणार? स्वतःचे हात, जवळचे चार पाने आणि जे गाव लागेल तेथला कारागीर, याच आधारावर असे प्रवास होत असत.

मोटारसायकल, जिला आपल्या गावांत फटफटी हेच नाव अधिक शोभून दिसले, ती सामान्यांच्या आवाक्यात यायला बराच काळ गेला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने नॉर्टन आणि बी. एस. ए. या गाड्या हजारोंनी वापरल्या. त्या दुरुस्त ठेवण्यासाठी लष्करी वर्कशॉपांत माणसांचे हात तयार झाले आणि युद्धानंतर ते नागरी गॅरेजांतही कामाला आले. १९५५ साली मद्रासला एन्फील्ड कंपनी निघाली आणि बुलेट येथे जुळू लागली. १९६१ साली म्हैसूरला जावा तयार होऊ लागली, पुढच्याच वर्षी एस्कॉर्ट्सची राजदूत आली. दूधवाल्याचे कॅन राजदूतने वाहिले, फौजदाराचा दरारा बुलेटने वाहिला आणि कॉलेजातल्या पोरांची हौस जावाने पुरवली. आमच्या आकुर्डीला बजाजची स्कूटर बनू लागली. ती घेण्यासाठी लोक वर्षानुवर्षे नंबर लावून बसत.

या गाड्यांवरही माणसे लांब जात. कोणी कन्याकुमारीला जाई, कोणी काश्मीरला. वाटेत गाडी बिघडे. किंबहुना बिघडणारच हे धरूनच माणूस निघत असे. पेटीत जादा प्लग, क्लचची तार, पंक्चरचे सामान आणि पान्यांची पिशवी असे. बिघाडाची कारणेही मोजकी होती. पॉइंट काळे पडले तर पॉलिश पेपर फिरवावा. कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये कचरा अडकला तर तो उघडून फुंकावा. प्लगची फट हॅक्सॉच्या पात्याने अजमावणारे मिस्त्री आम्ही स्वतः पाहिले आहेत. पिस्टन धरला तर तालुक्याच्या गावी लेथवाला बोअर करून देई. चंबळच्या खोऱ्यात काय आणि मराठवाड्याच्या माळावर काय, ट्रकच्या अड्ड्याजवळ टायर टांगलेले एक खोपटे असे. आत तेलाने काळा झालेला एक माणूस असे आणि त्या माणसाला ही विद्या येत असे. त्याच्याजवळ प्रमाणपत्र नव्हते. ही विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे जाई, कारण ती डोळ्यांना दिसत होती.

येथे एक परदेशी हकीकत सांगितल्यावाचून आम्हास राहवत नाही. ६ ऑक्टोबर १९७३ रोजी टेड सायमन नावाचा पत्रकार ट्रायम्फ कंपनीची पाचशे सी. सी. मोटारसायकल घेऊन लंडनहून निघाला. चार वर्षांत त्याने पंचेचाळीस देशांतून सुमारे एक लाख किलोमीटर प्रवास केला. आपल्या देशातूनही तो गेला. त्याच्या पुस्तकाने पुढे कित्येकांना मोटारसायकलीवर बसवले. परंतु तो निघाला त्याच्या तीनच आठवडे आधी, १४ सप्टेंबर १९७३ रोजी, त्याची गाडी बनवणारा मेरिडेनचा कारखाना बंद करण्याची घोषणा मालकांनी केली होती. कामगारांनी फाटकाचा ताबा घेतला आणि कारखान्यात ठाण मांडले. म्हणजे स्वार आफ्रिकेच्या रस्त्यावर होता आणि त्याच्या गाडीचा कारखाना कामगारांच्या पहाऱ्यात होता! दीड वर्षाच्या झुंजीनंतर, १९७५ च्या मार्चमध्ये, तेथे कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली आणि तिने १९८३ पर्यंत गाड्या बनवल्या. पुढे ट्रायम्फचे नाव दुसऱ्या मालकाकडे गेले, आणि २०२३ पासून त्या नावाच्या चारशे सी. सी. गाड्या बजाजच्या चाकणच्या कारखान्यात तयार होऊ लागल्या. मेरिडेनपासून चाकणपर्यंत हा धागा येऊन पोचला आहे. कारखाना बंद पडला तरी रस्त्यावरचा स्वार अडून राहिला नाही, कारण ती गाडी कोणत्याही देशातल्या कुशल कारागिराला उघडता येत होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता ज्यांना साहसी मोटारसायकली म्हणतात त्यांच्याकडे वळू. पक्क्या सडकेवर वेगाने धावावी आणि सडक संपली की दगडधोंड्यांतूनही जावी, अशी मोठी गाडी जर्मनीच्या बी. एम. डब्ल्यू. कंपनीने १९८० साली बाजारात आणली. पुढच्याच वर्षी तिने पॅरिस ते डकार ही वाळवंटातली शर्यत जिंकली, आणि गाड्यांची एक नवी जात रूढ झाली. आपल्याकडे ही जात उशिरा आली. २०१६ साली रॉयल एन्फील्डची हिमालयन आली. २०२० च्या जानेवारीत के. टी. एम. या ऑस्ट्रियन नावाची ३९० अॅडव्हेंचर आली. ती चाकणला बनते. २०२२ साली येझदीच्या नावानेही अशी गाडी निघाली. नोकरदार तरुणाला हप्त्यावर घेता येतील अशा या गाड्या आहेत, म्हणूनच त्या आपल्या रस्त्यांवर दिसतात.

पुण्याहून लेहचा रस्ता दिल्ली-मनालीमार्गे धरला तर जाण्याचेच सुमारे अडीच हजार किलोमीटर होतात. जाऊन येऊन पाच हजार. तिकडे फिरणे होते ते वेगळे. आता या गाड्यांचे ऑइल बदलण्याचे आणि सर्व्हिसिंगचे अंतर साधारण पाच ते दहा हजार किलोमीटरांचे असते. म्हणजे निघताना गाडी कशी आहे त्याप्रमाणे सर्व्हिसिंग एक तर निघण्यापूर्वी येते किंवा ऐन प्रवासात. जाणते स्वार मोठे काम निघण्याच्या आदल्या दिवशी करवून घेत नाहीत. दोन-तीन आठवडे आधी करवून घेतात आणि चार-पाचशे किलोमीटर फिरून पाहतात, म्हणजे सैल राहिलेला नट घराजवळच समजतो. मनालीला पोचल्यावर, चढण लागण्यापूर्वी, ऑइल, ब्रेकचे पॅड, टायर आणि चेन पाहून घेतात. चेन दर चार-पाचशे किलोमीटरला साफ करून वंगण द्यावे लागते. हल्लीच्या चेनमध्ये बारीक रबरी कड्या असतात, त्या पेट्रोलने धुतल्या तर खराब होतात. कित्येक जुने खोड क्लचची नवी तार जुन्या तारेच्या शेजारीच ओढून बांधून ठेवतात. बर्फाळ वाऱ्यात बोटे आखडली असता टाकी काढून तार ओवण्याची पाळी येत नाही. गाडीवानाच्या वंगणाच्या नळकांड्याचेच हे नवे रूप आहे.

मनालीहून लेहला जाताना तंगलंग-ला ही खिंड लागते. तिची उंची पाच हजार मीटरांहून अधिक आहे. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्यावर येतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला हवा कमी आणि पेट्रोल जास्त झाल्याने दम लागे, प्लग काजळत, आणि हवेचा स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून तिची समजूत घालावी लागे. नव्या गाडीत ही समजूत गाडीच घालते. हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्याच्या सांगण्यावरून संगणक पेट्रोल कमी सोडतो आणि स्वाराला काही करावे लागत नाही. १ एप्रिल २०२० पासून बी. एस. सहाचे प्रदूषणाचे नियम आल्यावर कार्ब्युरेटर जवळजवळ गेलाच. त्याआधी, २०१९ पासून, १२५ सी. सी. वरील गाड्यांना चाक घसरू न देणारी ब्रेकची यंत्रणा सक्तीची झाली होती. हवा स्वच्छ झाली, अपघातांतला धोका घटला, गाड्या पूर्वीपेक्षा कमी बिघडू लागल्या. हे सारे चांगले झाले असे आम्ही स्पष्ट म्हणतो. यंत्राच्या सुधारणेवर रुसून बसणे हे कामगार चळवळीचे काम नव्हे.

परंतु गाडी कमी बिघडते म्हणजे बिघडतच नाही असे नाही. २००४ साली दोन ब्रिटिश नट लंडनहून पूर्वेकडून न्यूयॉर्कला बी. एम. डब्ल्यू. च्या मोठ्या मोटारसायकलींवर निघाले होते. मंगोलियाच्या रानात त्यांच्याबरोबरच्या छायाचित्रकाराच्या गाडीची चौकट तुटली आणि ती गाडी तेथे चालण्यासारखी राहिली नाही. तेव्हा ती ट्रकवर चढवून पाठवावी लागली, आणि छायाचित्रकार त्याच मुलखात विकत घेतलेल्या एका साध्या रशियन मोटारसायकलीवरून पुढे गेला. जी गाडी ज्या मुलखातल्या लोकांना दुरुस्त करता येते, तीच त्या मुलखात चालते.

तोच धडा आमच्या एका सभासदाच्या मुलाला काही वर्षांपूर्वी मिळाला. मनाली-लेह रस्त्यावर ओढ्याच्या पाण्यातून गाडी काढताना ती कलंडली. उचलून उभी केली, पण इंजिन काही केल्या सुरू होईना. समोरच्या पट्टीवर पिवळा दिवा लुकलुकत राहिला. जवळच्या तंबूत एक मिस्त्री होता. त्याने प्लग पाहिला, बॅटरी पाहिली, पेट्रोल येते की नाही पाहिले. सारे ठीक होते. तो म्हणाला, "रोग कळला असता तर औषध मीही दिले असते." गाडी टेम्पोत घालून मागे आणली, तेथून मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. तीन दिवस आणि भाड्याचे पैसे गेले. वर्कशॉपमध्ये गाडीला यंत्र जोडले, पाच मिनिटांत पडद्यावर खूण उमटली. गाडी कलंडल्यास इंजिन बंद करणारा एक लहानसा सेन्सर असतो, त्याच्या जोडणीत पाणी गेले होते. ती जोडणी काढून पुसली, सुकवली, काम झाले. सुटा भाग एकही बदलावा लागला नाही.

श्रोतेहो, या हकीकतीत आम्हास जे दिसले ते असे. तंबूतला मिस्त्री अडाणी नव्हता. जोडणी पुसायला जे कौशल्य लागते त्याच्या दसपट कौशल्य त्याच्या बोटांत होते. त्याच्याजवळ नव्हती ती फक्त बातमी. रोगाची खूण गाडीच्या पोटात लिहिलेली होती आणि ती वाचण्याची किल्ली कंपनीच्या कपाटात होती. ट्रायम्फचा कारखाना बंद असतानाही टेड सायमनची गाडी वाटेवरच्या माणसांना उघडता आली, आणि चाकणचा कारखाना जोरात चालू असताना आपल्या पोराची गाडी उघडता आली नाही.

हा प्रश्न एकट्या स्वाराच्या तीन दिवसांचा असता तर आम्ही तुमची संध्याकाळ घेतली नसती. परंतु स्वाराचे तीन दिवस गेले आणि मिस्त्रीचा धंदा जात आहे. आज पुनावळे, वाकड, मारुंजी, जांबे या भागांत रस्त्याकडेला जी लहान गॅरेजे आहेत, त्यांतील मिस्त्री चांगले कारागीर आहेत. पण नवी गाडी आली की तिला ऑइल आणि पंक्चर एवढेच त्यांच्या वाट्याला येते. आणि कंपनीच्या वर्कशॉपमधल्या मिस्त्रीची स्थिती तरी काय? त्याच्याकडे यंत्र आहे, पण दिवसाला ठरावीक गाड्या उरकायच्या असतात. यंत्र म्हणते अमुक भाग खराब, तो भाग काढून नवा लावायचा. आपल्या भाषेत दुरुस्त करणे आणि बदलणे असे दोन वेगळे शब्द आहेत. पहिल्याला कारागीर लागतो. दुसऱ्याला पाना फिरवणारा हात पुरतो. हात पुरला की मजुरीही हाताचीच मिळते.

हा अन्याय सरकारदरबारीही अगदीच अनोळखी नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने स्वतंत्र गॅरेजांना मिळू दिली जात नाहीत, हा त्यांच्यावरचा ठपका होता, आणि त्याची सुरुवात एका साध्या ग्राहकाच्या तक्रारीने झाली होती. कंपन्या अपिलांत गेल्या, प्रकरण वर्षानुवर्षे लांबले. आणि ते चारचाकी गाड्यांपुरतेच होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मतदारांनी २०१२ साली मतदान करून मोटार दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना खुली करवली. जुलै २०२२ मध्ये आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारवाहने ही चार क्षेत्रे तिने घेतली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात माहितीसाठी एक सरकारी संकेतस्थळही निघाले. ही सुरुवात आहे. कंपनी राजीखुशीने माहिती देईल तेवढी घ्यायची, एवढ्यावर ती थांबता कामा नये.

कारखान्यावर सारा भरवसा टाकणे किती धोक्याचे असते हेही नुकतेच दिसले. नोव्हेंबर २०२४ मध्ये ऑस्ट्रियातील मूळ के. टी. एम. कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर गेली, डिसेंबरात तिचे तेथील उत्पादन थांबले, आणि पुढच्या वर्षी बजाजने मोठे अर्थसाहाय्य देऊन तिला तारले. कंपन्या येतात, डगमगतात, हात बदलतात. घेतलेली गाडी मात्र लोकांच्या दारात पंधरा-वीस वर्षे उभी राहते. तिच्या दुरुस्तीची विद्या कंपनीच्या आयुष्याला बांधून ठेवणे हा व्यवहार शहाणपणाचा नाही.

आता दुसरी बाजूही बोलली पाहिजे, नाहीतर आम्ही जुन्या काळाचे भाट ठरू. उस्ताद-शागिर्दाची ती रीत फुकट नव्हती. तिची किंमत दहा-बारा वर्षांच्या पोरांनी दिली. त्या पोरांना नावही नसे. 'छोटू' म्हटले की झाले. रॉकेलने हात चिरत, शाळा बुडत असे, आणि पगाराऐवजी दोन वेळचे जेवण व टपली मिळत असे. १९८६ साली बालकामगारांचा कायदा झाला, २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना नोकरीवर ठेवणेच बेकायदा ठरले. तरीही छोटू पुरता गेला असे छातीवर हात ठेवून कोण म्हणेल? मिस्त्रीलाही आजारपणात रजा नाही, म्हातारपणी पेन्शन नाही. २०२१ साली असंघटित कामगारांसाठी ई-श्रमची नोंदणी सुरू झाली. आपल्या गावातल्या किती गॅरेजवाल्यांनी ती केली आहे, हे येथून घरी जाताना विचारून पाहा. वाटेवरच्या कारागिराचे गुणगान करायचे आणि त्याचे ताट रिकामे ठेवायचे, हे आम्हास मान्य नाही.

तेव्हा करायचे काय? मोठ्या गोष्टी दिल्लीत ठरतील, पण त्या ठरवायला भाग पाडणारे लोक गावोगावचेच असतात. गाडीचा दोष वाचण्याच्या खुणा आणि साधने वाजवी किमतीत कोणत्याही नोंदलेल्या मिस्त्रीला मिळाली पाहिजेत, असा ठराव ग्राहक पंचायतींनी, मोटारसायकलस्वारांच्या मंडळांनी आणि कामगार संघटनांनी एकत्र करावा. स्वार आणि मिस्त्री यांचे हित येथे एक आहे, ही गोष्ट आजवर कोणी त्यांना समोरासमोर बसवून सांगितलेली नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत नव्या यंत्रणांचे संध्याकाळचे वर्ग निघावेत आणि ज्यांचे हात आधीच तयार आहेत अशा चाळीस वर्षांच्या मिस्त्रीलाही तेथे बसता यावे. कॉलेजचा दाखला नाही म्हणून त्याला दारातून परत पाठवू नये. ज्या माणसाला कार्ब्युरेटरचे मन कळते त्याला सेन्सरचे मन कळायला सहा महिने पुरतात, हे आम्ही आमच्या सभासदांत पाहिले आहे.

आणि लडाखला निघणाऱ्या तरुणांना दोन शब्द. निघण्यापूर्वी एक रविवार आपल्या वस्तीतल्या मिस्त्रीजवळ बसा. चाक काढायला, पंक्चर काढायला, चेन ताणायला, फ्यूज बदलायला शिका. त्या रविवारची त्याची मजुरी बुडू देऊ नका. वाटेत कोणी पाचशे रुपयांचे काम करून दिले तर घासाघीस करून तीनशेवर आणू नका; एवढ्या उंचीवर बिऱ्हाड मांडून बसलेल्या माणसाचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा असतो. त्याचे नाव विचारा. परतल्यावर प्रवासाची हकीकत लिहाल, मित्रांना सांगाल, तेव्हा खिंडीच्या उंचीबरोबर ते नावही सांगा. पुढे कोणी या प्रवासांचा इतिहास लिहायला बसेल, तेव्हा त्याला निदान ती नावे सापडतील.